आमच्या परसातला झोपाळा

चैत्रातली गोष्ट. आमच्या घरी चैत्रगौर नुकतीच पितळेच्या झोपाळ्यात बसली होती. आंब्याची डाळ, पन्हे असा सगळा थाट झाला होता आणि हळदीकुंकवाच्या बायका पांगल्या होत्या. तेवढ्यात मुलुंडहून थोरलीचा फोन आला.

"बाबा, मेमध्ये आम्ही दोघं पंधरा दिवस येतोय. ह्याला झोपाळा हवाय. इथं सोसायटीच्या बागेत एकच आहे आणि त्याला ही भली मोठी रांग. आपल्याकडे परसात..."

एवढे बोलून ती थांबली. मीही थांबलो. फोनवर दोन्हीकडून माणसे गप्प झाली की ओळखावे, दोघांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आले आहे. आमच्या दोघांपुढे जे चित्र आले ते १९८९ सालच्या नागपंचमीचे होते.

त्या वर्षी थोरली सात वर्षांची होती. सगळ्या मैत्रिणींकडे झोके बांधलेले. मग आमच्याकडेही हवाच. परसातल्या आंब्याच्या फांदीला मी सुंभाचा दोर टाकला, दोन गाठी मारल्या, घरातली एक फळी खाली बसवली आणि स्वतः एकदा बसून पाहिले. झाली परीक्षा! पुढचे तीन आठवडे पाऊस झिमझिमत होता, झोका तसाच टांगलेला होता, आणि पोरी रोज फांदीखाली ओरडत होत्या. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी दोर फांदीपाशी तुटला. जिथे तो फांदीला घासत होता, नेमका तिथेच. वरून पाहिले तर दोर चांगला पिवळाधमक होता. आतून काळा पडून कुजला होता. थोरली हात टेकून पडली आणि डाव्या कोपराच्या वरचे हाड मोडले. हाड जुळले, पण हात आजतागायत पुरता सरळ होत नाही. आठ-दहा अंश वाकलेलाच राहतो. त्याबद्दल ती मला कधी एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटले.

आणि मी कोण? एका शाळेत तेहतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर! लंबकाचा धडा दर वर्षी फळ्यावर काढणारा!

"लावतो," मी फोनवर म्हणालो. "नीट लावतो."

"बरं," ती म्हणाली. तिने पुढे काही विचारले नाही, हे विशेष.

पहिला विचार माळ्यावरच्या झोपाळ्याचा आला. माझ्या वडिलांनी ओटीवर टांगलेला सागवानी पाट, पितळेच्या कड्या, कड्यांवर मोर. विदर्भातल्या आमच्या विहीणबाई याला बंगई म्हणतात. तो काढला, पुसला, तराजूवर घातला. नुसता पाट तेरा किलो भरला. ओटीवर दोघांनी बसून सुपारी कातरीत हलके झोके घ्यायला तो उत्तम. परंतु तेरा किलोचे सागवान झोक्यात असताना एखादे पोर पुढून धावत गेले तर काय होईल, याचा हिशेब मी केला आणि पाट पुन्हा माळ्यावर गेला. मुलांच्या झोपाळ्याची बैठक हलकी आणि मऊ असावी, रबराची किंवा कॅनव्हासची. लाकडाची नको, लोखंडाची तर नकोच. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाची आपण काळजी करतो, पण त्याच्यासमोरून जाणाऱ्या दुसऱ्या मुलाची कोणी करत नाही.

दुसरा विचार झाडाचा. आमचा आंबा आता म्हातारा झाला आहे. ज्या फांदीला मी दोर टाकला होता ती पोकळ वाजते. बाकी परसात शेवगा आहे. शेवग्याची फांदी कशी कडकन मोडते, हे ज्याने शेंगा काढल्या आहेत त्याला सांगायला नको. जांभळाचीही तीच गत. मग तयार सांगाडाच मागवायचे ठरले. दोन्ही बाजूंना उलट्या व्हीसारखे पाय, वर आडवा पाईप, त्याला टांगलेल्या दोन बैठका. धाकट्या चिरंजीवांनी मोबाईलवर पाहून मागवला आणि आठ दिवसांत एक लांबलचक खोके दारात येऊन पडले.

खोके उघडताच आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, आधी जागा बघा. मग पाने-बिने घ्या हातात."

जागेचे गणित मी वाचून काढले होते. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक सरकारी आयोग आहे. त्याने घरगुती आणि सार्वजनिक खेळसाहित्यासाठी पुस्तिका काढल्या आहेत. त्यांतला नियम साधा आहे. सांगाड्याच्या बाजूंना सहा-सहा फूट मोकळे हवे. आणि झोका ज्या दिशेने जातो त्या दिशेला, पुढे आणि मागे, आडव्या दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी हवी. मुले झोका चालू असताना उड्या मारतात, म्हणून दुप्पट. आमची दांडी आठ फूट उंच. म्हणजे पुढे सोळा, मागे सोळा, एकूण बत्तीस. परसाची रुंदी वीस फूट, त्यात बाजूंचा हिशेब बसला. लांबी पुरेशी होती, पण पूर्वेकडे तुळशीवृंदावन. ते वगळून मोकळे उरत होते सत्तावीस फूट. पाच फूट कमी!

"वृंदावन थोडं सरकवलं तर..." मी सुरुवात केली.

"तुळस हलणार नाही," सौ. शांतपणे म्हणाल्या. "झोपाळा हलू दे. तो हलण्यासाठीच असतो."

दोन दिवस मी कागदावर आकडे मांडत बसलो. शेवटी उत्तर जमिनीतच सापडले. पाय नुसते जमिनीवर ठेवायचे नव्हतेच. ते एक फूट पुरायचे होते. म्हणजे दांडी सात फुटांवर आली. शिवाय खाली मऊ थर पसरायचा, तो नऊ इंच. राहिली सव्वासहा फूट. तिच्या दुप्पट साडेबारा, पुढे-मागे मिळून पंचवीस. दोन फूट उरले! तुळस जागच्या जागी राहिली. मात्र एक गोष्ट सौ.नी स्वतःहून काढली, आणि ती माझ्या लक्षात मुळीच आली नव्हती. परसातून आडवी जाणारी कपड्यांची तार! बरोबर गळ्याच्या उंचीवर. ती त्याच संध्याकाळी गच्चीवर गेली.

मऊ थराबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण लोक याच ठिकाणी चुकतात. माझा मूळ बेत खाली शहाबादी फरशी घालून ऐसपैस करण्याचा होता. चिखल नको, दिसायलाही छान. सुदैवाने वेळीच वाचले. खेळाच्या साधनांवरून मुलांना होणाऱ्या दुखापतींत सर्वांत मोठा वाटा पडण्याचा, आणि पडून डोके कशावर आपटते यावर पुढचे सगळे अवलंबून. फरशी आणि काँक्रीट यांवर तर झोपाळा नकोच; पण ज्याला आपण मऊ समजतो ते गवत आणि चोपलेली माती, तीही या कामी पुरेशी धरलेली नाही. मे महिन्यात आपली माती किती मऊ असते ते खिळा ठोकून पाहावे. वाळू चालते, पण कमी उंचीसाठी. शिवाय भिजली की घट्ट होते आणि आळीतल्या सगळ्या मांजरांना आमंत्रण जाते. हल्ली बांधकामावर मिळते ती दगड फोडून केलेली वाळू तर चुऱ्यामुळे दाबून बसते, ती नकोच. सात फुटांपर्यंतच्या उंचीसाठी लाकडाच्या ढलप्यांचा नऊ इंच थर पुरतो. ढलप्या म्हणजे भुसा नव्हे; बोटाएवढे तुकडे, ज्यांच्यामध्ये हवा राहते. पडणाऱ्याला वाचवते ती हवा. आणि ढलप्या दबून पावपट कमी होतात, म्हणून नऊ इंच हवे असतील तर बारा इंच घालायच्या.

भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये वखारी धुंडाळल्या. वखारवाल्याला वाटले बंबासाठी हवे आहेत. पाचशे घनफूट म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पुन्हा नीट पाहिले. मी एवढेच बजावले की खिळ्याचे, रंगाचे, प्लायवूडचे लाकूड त्यात नको. तरीही उतरवताना आम्ही चुंबक फिरवला आणि सात खिळे निघाले. बजावले नसते तर किती निघाले असते कोण जाणे.

आता जोडणी. खोक्यात पत्रक होते, त्यात एकही वाक्य नाही, नुसती चित्रे. ती पाहून मी पहिला पाय जोडला आणि बोल्ट जोर लावून आवळला. दुसरा पाय लावायला गेलो तो भोक पाव इंचाने चुकले. सगळे पुन्हा सोडले. मास्तरकी करून माणूस जे विसरतो ते हेच: एक ओळ पाठ झाली म्हणून धडा पाठ होत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने फिरतील एवढेच घालावे, सांगाडा उभा करावा, दांडीवर लेव्हलपट्टी ठेवावी, दोन्ही टोकांना ओळंबा सोडावा, आणि मग एकेक करून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जावे. या बाबतीत आमच्या आळीतला वेल्डर माझा गुरू. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. बोल्टचे टोक नटाबाहेर दोन आट्यांपेक्षा जास्त डोकावता कामा नये. जास्त असेल ते करवतीने कापून, कानशीने घासून वर टोपी बसवायची. मुलांचे कपडे अडकतात ते अशाच टोकांत.

दोन बैठका टांगायच्या होत्या, मी एकच टांगली. बागेतल्या झोपाळ्यांसाठी नियम असा की बैठक आणि बाजूचा खांब यांत तीस इंच अंतर हवे आणि दोन बैठकांमध्ये चोवीस. आमची दांडी चौऱ्याऐंशी इंच. दोन बैठका कशाही मांडल्या तरी हिशेब जमेना. घरगुती सांगाड्यांना एवढी सक्ती नाही, पण मला सक्तीच हवी होती. दुसरी बैठक धाकट्याने परत पाठवावी म्हटले तर दुकान म्हणाले, सुटा भाग परत घेत नाही. ती अजून कपाटावर आहे. बाजूच्या शिडीच्या पायऱ्याही मोजल्या. साडेतीन ते नऊ इंचांची फट वाईट. लहान मुलाचे अंग तीतून जाते आणि डोके अडकते. आमच्या पायऱ्या बारा इंचांवर होत्या, त्या राहिल्या.

खड्डे खणले, चार. पायांभोवती काँक्रीट ओतले, एकास दोन, चार या प्रमाणात. आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच खाली ठेवला, म्हणजे ढलप्या बाजूला झाल्या तरी कोणाच्या पायाला, डोक्याला लागू नये. एवढा खटाटोप कशाला, असे शेजारचे अण्णा कुंपणावरून म्हणालेच. त्यांना मी आकडा सांगितला, तो इथेही सांगतो. मूल झोक्यावर साठ अंशांपर्यंत चढले तर वाटेत एका क्षणी सांगाड्याला आडवा ओढा बसतो तो मुलाच्या वजनाच्या जवळजवळ पाच-षष्ठांश. वीस किलोच्या मुलाचा सतरा किलो. आणि हा ओढा दांडीपाशी, एकदा पुढे, एकदा मागे. नुसता ठेवलेला सांगाडा पाय उचलतो तो यामुळेच. सरळ खालचा भार तर त्याहून जास्त: साठ अंशांवरून खाली येताना अगदी तळाशी साखळ्यांवर वजनाच्या दुप्पट ताण येतो, नव्वद अंश चढले तर तिप्पट. १९८९ साली मी स्वस्थ बसून परीक्षा घेतली होती ती एकपटीची होती.

काँक्रीटला पाणी घालून पाचवा दिवस होता आणि रिक्षा दारात येऊन उभी राहिली. मंडळी दोन दिवस आधीच आली होती!

नातोबांनी चपला काढल्या नाहीत. सरळ परसात. परत आले ते गंभीर चेहऱ्याने.

"आजोबा, त्याला बसायचं नाहीये."

"बैठक कपाटात आहे. अजून दोन दिवस."

"का?"

"सिमेंट वाळायचं आहे."

त्याने जाऊन हात लावला. "वाळलंय."

वरून वाळलंय, आतून नाही, हे सहा वर्षांच्या मुलाला कसे सांगावे? काँक्रीट सात दिवसांत आपल्या पुऱ्या ताकदीच्या दोन-तृतीयांश होते, अठ्ठावीस दिवसांत पुरे. सात दिवस तर हवेतच. मी हे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि सांगाड्याखाली ढलप्यांत फतकल मारून बसला. दोन दिवस तो तिथेच होता. जेवायला यायचा आणि पुन्हा तिथे. आळीतली पोरे कुंपणाबाहेर जमायची, त्यांना तो सांगायचा, "आतून ओलं आहे." सौ.नाही त्याची दया आली. "अहो, एकदा बसवा हळूच. काय होतंय?" मी हो म्हणणार होतो. खरोखर म्हणणार होतो. तेव्हा थोरली ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले. एवढेच. मी बैठकीच्या कपाटाची किल्ली खिशातच ठेवली.

सातव्या दिवशी सकाळी परीक्षा. वाळूची दोन पोती, चाळीस-चाळीस किलोची, बैठकीला बांधली. एकूण ऐंशी किलो, म्हणजे नातोबांच्या चौपट. तास दीड तास ती तशीच लोंबकळू दिली. काही वाकले नाही, काही करकरले नाही. मग एक पोते सोडले आणि उरलेल्या चाळीस किलोला झोके द्यायला सुरुवात केली. दोनशे झोके मोजायचे ठरले. नातोबा मोजत होते, आणि एकशे चाळीसनंतर एकशे तीस म्हणत होते.

दोनशे झाल्यावर शिडी लावून वर चढलो. दोन गोष्टी सापडल्या. दांडीवरच्या डाव्या पट्टीचा नट, जो मी स्वतः पान्याने आवळला होता, एक पूर्ण वेढा सैल झाला होता. आणि साखळी ज्यात अडकवली होती तो इंग्रजी एसच्या आकाराचा आकडा किंचित उघडला होता. आकड्याची फट एक मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. आमचे एटीएमचे कार्ड पाऊण मिलिमीटर जाडीचे असते. सकाळी ते आत शिरत नव्हते, आता शिरले, आणि आत हलले सुद्धा.

मी खाली उतरलो आणि पायरीवर बसलो. थोरली बाहेर आली.

"काय झालं?"

लपवावे असे क्षणभर वाटले, हे कबूल करतो. मग कार्ड तिच्या हातात दिले आणि शिडी धरली. ती वर चढली. कार्ड आकड्यात घातले, काढले, पुन्हा घातले. खाली येऊन म्हणाली, "बोहरी आळी दहाला उघडते ना?"

दोघे गेलो. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत नट-बोल्टच्या दुकानात उभे राहणे हा माझ्या आयुष्यातला एक जुना आनंद आहे. मुलीबरोबर मात्र पहिल्यांदाच गेलो. दुकानदाराने आकडा पाहून मान हलवली. हा सामान टांगायचा आकडा, म्हणाला, माणूस टांगायचा नव्हे. त्याऐवजी त्याने डी शॅकल दिले: लोखंडी कडी, तिच्यात पेचाची पिन. साध्या नटांच्या जागी नायलॉक नट दिले, ज्यांत नायलॉनचे कडे असते आणि जे हादऱ्याने फिरत नाहीत. पाण्याने न गंजणारे घ्या, असेही त्याने सांगितले. सगळे मिळून एका छोट्या कागदी पुडीत मावले. सांगाड्याच्या किमतीपुढे त्या पुडीची किंमत सांगायचीसुद्धा लाज वाटावी.

घरी येऊन सगळे आकडे बदलले, शॅकलच्या पिना बारीक तारेने बांधून तारेची टोके आत वळवली, सगळे नट बदलले. पुन्हा चाळीस किलो, पुन्हा दोनशे झोके. या वेळी थोरलीने मोजले. पुन्हा शिडी. काही हलले नव्हते.

नातोबा बसायला धावले तोच सौ.नी त्याला दंडाला धरून थांबवले. गळ्यात काळा दोरा होता, त्यात ताईत, कोणीतरी दृष्ट लागू नये म्हणून घातलेला. "आधी हे काढ." तो निघाला, खुंटीवर गेला. ओढण्या, गळपट्टे, टोपीचे बंद, सायकलचे हेल्मेट, गळ्याभोवती किंवा हनुवटीखाली जे जे काही असेल ते झोपाळ्यावर नको. साखळीत अडकले तर ते सुटत नाही. साखळीला कोणी खेळायला जास्तीची दोरी बांधली तर तीही सोडायची. हा नियम आमच्याकडे आता परसाच्या दाराशीच पाळला जातो. शेजारच्या मुली येतात त्या ओढणी खुंटीला लावूनच बाहेर पडतात.

आणि मग तो बसला. पहिल्या झोक्याचे वर्णन मी करत नाही. ज्यांनी पोरांना झोके दिले आहेत त्यांना ते माहीत आहे. मी घड्याळ लावून पाहिले, एका झोक्याला सुमारे अडीच सेकंद. मूल जड असो वा हलके, लांबी तीच तर वेळ तीच. तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते ते डोळ्यांपुढे हसत होते. मग सवयीने पुढचे गणित मनात झाले: रोज अर्धा तास म्हणजे सातशे वीस झोके, महिन्याला एकवीस हजारांहून जास्त. तेवढ्या वेळा कडीवर कडी घासणार. आणि तळाशी वेग ताशी चौदा किलोमीटर, चांगल्या सायकलीएवढा. त्या संध्याकाळी मी चुन्याने ढलप्यांबाहेर एक रेघ ओढली. झोका चालू असताना रेघेच्या आत कोणी यायचे नाही. पोरांनी ती रेघ माझ्यापेक्षा कडकपणे पाळली. आउट देता येते ना!

त्याच रात्री मी वही केली. पहिल्या पानावर तारीख, काय तपासले, काय बदलले. ती परसाच्या दाराआड खिळ्याला टांगली. पहिला महिना दर आठवड्याला नटांवर पाना फिरवायचा, मग महिन्यातून एकदा. शॅकलच्या पिना. साखळीच्या कड्या, पण ताणलेल्या नव्हेत. बैठक उचलून साखळी सैल करायची आणि कडीच्या आत, जिथे दुसरी कडी बसते, तिथे नख फिरवायचे. झीज तिथे होते आणि साखळी ताठ असताना ती दिसत नाही. बैठकीला चिरा. आणि ढलप्यांत लोखंडी सळई खुपसून खोली.

थोरलीने ती वही दुसऱ्या दिवशी पाहिली असावी. मला ते कळले ते असे: दुपारची वेळ, नातोबा झोपलेले, सौ. पंख्याखाली पेपर वाचत. मला परसातून बारीक आवाज आला म्हणून दाराशी गेलो. थोरली झोपाळ्यावर बसली होती. उंच नव्हे, पायाची बोटे ढलप्यांना टेकतील एवढेच पुढे-मागे. डावा हात पुरता वर जात नाही, म्हणून डावी साखळी तिने जरा खालून धरली होती. मी दार लोटून घेतले. वही पाहिली तर कालच्या तारखेखाली, माझ्या सहीच्या शेजारी, पेन्सिलीने तिची सही होती.

जूनमध्ये ती मुलुंडला गेली आणि पाऊस आला. बैठक मी काढून आत ठेवली, साखळ्या दांडीला गुंडाळल्या. पण सांगाडा काही आत घेता येत नाही. आता हा लेख लिहितो आहे तेव्हा पाऊस सरत आला आहे आणि काल सगळी तपासणी झाली. नायलॉक नट जागच्या जागी. एका पिनेची तार गंजून तुटली होती, ती बदलली. उत्तरेच्या पायाशी काँक्रीटला केसाएवढी चीर दिसते. वेल्डर म्हणतो काही नाही, तरी मी तिच्यावर खडूने रेघ मारून तारीख लिहिली आहे, वाढते का ते कळेल. सळईने खोली मोजली: कडेला दहा इंच, पण बरोबर बैठकीच्या खाली, जिथे पोरे पाय घासतात, तिथे अवघी सहा. सर्वांत जास्त जिथे हवी तिथेच सर्वांत कमी! कडेच्या ढलप्या फावड्याने आत ओढल्या तरी पुरणार नाहीत.

नातोबांचा फोन रोज असतो. त्याला मैत्रिणीकडून कळले आहे की झाडाचा झोका जास्त उंच जातो, आणि आपल्याकडे आंबा आहे. त्याचे उत्तर मी त्याच्या आईवर सोपवले आहे. मंडळी धनत्रयोदशीला येणार. वखारवाल्याला अर्धा टेम्पो सांगून ठेवला आहे. तो म्हणतो, वसुबारसेला टाकतो.